सात नंबरचा शिक्का

गोठलेल्या मांसाची लादी हातात आली की थंडोबा आधी तिच्यावर बोटांच्या पेरांनी टकटक करायचा, कुणाच्या दारावर करावी तशी. आतपर्यंत गोठलेली लादी फरशीसारखी खणखणीत वाजते. वरून दगड आणि आतून मऊ असेल, तर आवाज बसका येतो, ओल्या ओंडक्यावर मारल्यासारखा. सव्वीस वर्षं हा माणूस लाद्यांची दारं वाजवत होता. कारखान्यातले लोक म्हणायचे, एक दिवस आतून कुणीतरी ‘आलो, आलो’ म्हणणार आणि मगच याचं समाधान होणार.

थंडोबा हे नाव त्याला कारखान्यानंच दिलं होतं, आणि ते फक्त थंडीतल्या कामामुळे नव्हतं. माणूसच मुळात संथ. चहाचा कप हातात घेतला की त्यावर साय धरायची, ती बोटानं बाजूला करून मग पहिला घोट. बुटाच्या नाड्या बांधायला बसला की मागून आलेले चौघं कपडे करून पुढे निघून जायचे. बायको म्हणायची, यांची घाई बघायला यायचं तर लोकांनी घरून जेवून यावं. पण एका कामात मात्र या थंडोबाच्या अंगात वारं शिरायचं. ते काम म्हणजे मांस गोठवणं.

नव्या माणसाला तो चारच शब्द सांगायचा: आधी धीर, मग घाई. कापलेलं जनावर लगेच गोठवायला नेलं तर मांस आखडतं, चामड्यासारखं होतं. म्हणून दिवसभर ते नुसत्या गार खोलीत टांगून ठेवायचं, सैलावू द्यायचं. हा धीराचा भाग. मग हाडं काढायची, चार बोटं जाडीच्या लाद्या करायच्या आणि ब्लास्टमध्ये न्यायच्या. ब्लास्ट म्हणजे ती खोली, जिथे मोठाले पंखे उणे पस्तीस अंशांची हवा वादळासारखी फिरवतात. लाद्यांमध्ये बोटभर फट सोडायची, म्हणजे वारा चारी बाजूंनी लागतो. तिथून पुढे एक मिनिट वाया घालवायचं नाही. मांसाचे चार भाग केले तर तीन भाग नुसतं पाणीच. ते झटकन गोठलं तर बर्फाचे कण पिठासारखे बारीक होतात, मांसाच्या धाग्यांना धक्का लावत नाहीत. रमतगमत गोठलं तर तेच कण वाढत जातात, काचेच्या तुकड्यांसारखे होतात आणि आतल्या आत सगळं फाडून ठेवतात. गोठलेलं आहे तोवर काही कळत नाही. दोन्ही लाद्या सारख्याच दिसतात, पूर्ण गोठल्यावर सारख्याच वाजतात. वितळवली की मात्र फाटलेल्या मांसातून गुलाबी पाणी सुटतं. कारखान्यात त्याला पाझर म्हणत. पाझराबरोबर चव गेली, वजन गेलं, ओलावा गेला. मागे उरतो तो चोथा.

प्रत्येक खेपेला सगळ्यात जाड लादीच्या पोटात थंडोबा एक लांब सुई खुपसायचा. सुईची तार भिंतीवरच्या यंत्राला जोडलेली, आणि यंत्रातलं पेन एका गोल कागदावर लाल रेघ काढत जायचं. रेघ आधी भराभर उतरायची. शून्याच्या जरा खाली आली की अडायची. बाहेर पंखे घोंघावतायत, हवा हाडं गोठवतेय आणि रेघ जागची हलत नाही. नवा माणूस घाबरायचा, यंत्र बिघडलं म्हणून हाका मारायचा. यंत्र बिघडलेलं नसायचं. त्याच वेळी आत पाण्याचा बर्फ होत असतो, आणि तो होईपर्यंत रेघ पुढे सरकत नाही. थंडोबानं याला नाव दिलं होतं थांबा. ब्लास्ट नीट चालला तर हा थांबा दोन तासांच्या आत संपतो. हयगय केली तर दिवस दिवस चालतो. गाडी त्या थांब्यावर जेवढी कमी रेंगाळेल तेवढं मांस चांगलं, असं तो सांगायचा, आणि ते दोन तास स्वतः दारापाशी स्टूल टाकून बसायचा.

कारखान्यात गोठवणाऱ्या प्रत्येकाला एक नंबर होता आणि नंबराचा एक रबरी शिक्का. लादी पेटीत गेली की गोठवणाऱ्यानं आपल्या हातानं पेटीवर शिक्का मारायचा. थंडोबाचा नंबर सात. हळूहळू असं झालं की घेणारे लोक माल सांगताना ‘सातची पेटी द्या’ म्हणायला लागले. त्यानं याची प्रौढी कधी मिरवली नाही. फक्त शिक्का तो कारखान्यात ठेवायचा नाही. घरी आणायचा, दर आठवड्याला जुन्या दातांच्या ब्रशनं घासून धुवायचा आणि खिडकीत वाळत ठेवायचा. बायको म्हणायची, माझ्या बांगड्यांना कधी एवढं जपलं नाही.

मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, एकोणीस वर्षांपूर्वी एक पिशवी घेऊन चार दिवसांसाठी त्यांच्याकडे आला आणि सहा वर्षं राहिला. थंडोबानंच त्याला कारखान्यात चिकटवला. मुलगा चलाख, हसतमुख, हाताला झटपट. त्याला शिकवायला थंडोबाला मनापासून आवडायचं. काही म्हणजे काही हातचं राखलं नाही. एकदा तर रिकामा ब्लास्ट उणे अठरावर लावून त्यानं सुई लादीत न खुपसता नुसती हवेत लोंबकळत ठेवली आणि मेहुण्याला कागद दाखवला. रेघ चारवरून सुरू झाली, घसरगुंडीवरून उतरावी तशी सरळ खाली गेली आणि गोठवण पुरी झाल्याची खूण असलेल्या उणे अठराच्या वर्तुळावर जाऊन बसली.

“बघ,” थंडोबा म्हणाला, “कागद भरला. वरच्या माणसाला हा कागद दाखवला तर तो मान डोलावेल. पण हे मांस नाही, ही हवा आहे. कळावं म्हणून दाखवतोय, करावं म्हणून नाही.”

“दाजी, तुम्ही चोराला तिजोरी दाखवताय,” मेहुणा हसत म्हणाला.

थंडोबालाही हसू आलं होतं. पुढे कित्येक वर्षं जेवणावर बसले की दोघं हा विनोद काढायचे.

मग थंडोबाचे गुडघे गेले. थंडीत सव्वीस वर्षं उभं राहून त्यांतलं वंगणच आटलं असं डॉक्टर म्हणाले. एका गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि ब्लास्टचं तोंड आता बघायचं नाही अशी ताकीद मिळाली. तो अंथरुणावर असताना मेहुणा भेटायला आला. सोबत फळं होती, आणि मॅनेजरचा निरोप. गोठवणीचं काम आता मेहुण्याकडे, सुपरवायझरची जागाही त्यालाच. पण घेणारे सात नंबर मागतात, तर सात नंबर चालू ठेवावा असं मॅनेजरचं म्हणणं. दाजींचं काय मत?

मत विचारल्यावर थंडोबाचा ऊर भरून आला. त्यानं बायकोला खिडकीतून शिक्का आणायला लावला, स्वच्छ रुमालात गुंडाळला आणि मेहुण्याच्या हातात दिला. माझ्या हाताखाली तयार झालेला माणूस म्हणजे माझाच हात, असं तो म्हणाला. मेहुणा पाया पडला. बायकोनं डोळे पुसले.

दोन महिन्यांनी तो कामावर परतला, तेव्हा त्याला गार खोली दिली गेली, धीराचा भाग. गार खोलीची मागची भिंत म्हणजे ब्लास्टची पुढची भिंत. पूर्वी ब्लास्ट चालू असला की ती भिंत थरथरायची, आकड्यांना टांगलेली जनावरं हलकेच डोलायची. आता भिंत बहुतेक वेळ गप्प असायची. त्यानं एकदा सहज विचारलं. मेहुणा म्हणाला, पंख्यांना नवी पाती बसवली, बिनआवाजाची. थंडोबाला वाटलं, चला, काळ पुढे गेला. भिंतीला कान लावून बघावं असं त्याच्या मनातही आलं नाही.

तो अंथरुणावर होता तेव्हापासूनच घरात एक गोष्ट बिघडली होती. मेहुणा दर आठवड्याला बहिणीकडे मांसाचं पुडकं घेऊन यायचा, आवर्जून सात नंबरचं. बायकोच्या हातच्या मटणाची नातेवाइकांत ख्याती होती. पण आता ते जमेना. तुकडे कोरडे, चावून चावून जबडा दुखायचा, आणि पातेल्यात नुसतं पाणी. पहिल्यांदा थंडोबा काही बोलला नाही. मग बोलायला लागला. लक्ष कुठे असतं, म्हणाला. आच मोठी ठेवतेस, म्हणाला. बायको कधी कमी शिजवायची, कधी जास्त, कधी तासभर आधी मीठ लावून ठेवायची. काही उपयोग नाही. एकदा मुलगी-जावई जेवायला आले होते. त्यांच्यासमोर तो हसत म्हणाला, हिचा हात गेला हो, पन्नाशी लागली आणि हात गेला. मुलीनं आईकडे पाहिलं. आई म्हणाली, “वय झालं माझं.” आणि पाणी आणायला आत गेली.

हे असं आठ महिने चाललं.

एका सकाळी थंडोबाला ऑफिसात बोलावणं आलं. तिथे खरेदीवाल्या बाई बसल्या होत्या. या एका मोठ्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरासाठी मांस घ्यायच्या, अकरा वर्षांपासून. बोलायला कडक, पण थंडोबाशी अदबीनं वागायच्या. आज त्यांच्यासमोर टेबलावर एक स्टीलचा ट्रे होता. ट्रेमध्ये वितळवलेली एक लादी आणि तिच्याभोवती गुलाबी पाण्याचं तळं. बाजूला पेटीचं झाकण, त्यावर ठसठशीत सात.

बाई म्हणाल्या की त्यांच्याकडे बिनदातांचे म्हातारे असतात, नुकती ऑपरेशनं झालेली माणसं असतात. ताटं तशीच परत येतात. आचाऱ्याला त्या दोनदा बोलल्या, मग आचारीच बदलला. शेवटी एका सकाळी त्यांनी स्वतः लादी वितळवून पाहिली. मग म्हणाल्या, “तुमचा सात नंबर आहे म्हणून मी बघायचंच सोडून दिलं होतं.”

थंडोबानं ट्रेमधली लादी उचलली. ओल्या फडक्यासारखी ती हातात लोंबली. बोटानं दाबली तर खड्डा पडला आणि तसाच राहिला. त्यानं ती खाली ठेवली आणि विचारलं, उत्तर उद्या दिलं तर चालेल का. बाई म्हणाल्या, उद्या दहा वाजता येते.

मॅनेजर घाईघाईनं म्हणाला, वाहतुकीत काहीतरी झालं असणार, गाडीतलं थंडीचं मशीन बंद पडलं असणार. बाईंनी ऐकून घेतलं आणि ट्रे तिथेच ठेवून निघून गेल्या.

थंडोबा कागदांच्या खोलीत गेला. महिन्यामहिन्याचे गोल कागद तिथे तारेत ओवून ठेवलेले असत. इस्पितळाला गेलेल्या पेट्यांची तारीख त्याच्याकडे होती. त्या तारखेचा कागद त्यानं काढला, खिडकीपाशी नेला आणि चष्मा लावला. लाल रेघ चारवर सुरू झाली होती. उतरत उतरत गेली होती, सुबक, एका दमात. आणि उणे अठराच्या वर्तुळावर जाऊन बसली होती.

थांबा नव्हताच.

त्यानं आदल्या दिवसाचा कागद काढला. त्याच्या आदल्या दिवसाचा. आदल्या महिन्याचा. सगळ्या रेघा सुबक, सगळ्या घसरगुंड्या. खाली सही मेहुण्याची आणि सहीशेजारी शिक्का सातचा. तारेतले कागद मागे सारत सारत तो ऑपरेशनच्या तारखेपर्यंत आला. मेहुण्यानं शिक्का नेला त्याच्या तिसऱ्याच दिवसापासून रेघेतला थांबा गेलेला होता. दोन दिवस. गुडघ्याचे टाके ओले होते, आणि या माणसानं फक्त दोन दिवस वाट पाहिली होती.

तो खोलीतल्या मोडक्या खुर्चीवर बसला. राग यायला हवा होता, पण आधी आली ती लाज. भिंत गप्प होती आणि आपण पात्यांवर विश्वास ठेवला. लाद्या हातातून जात नव्हत्या हे खरं, पण त्याच दिवशीची एखादी पेटी उघडून टकटक करायला कुणी अडवलं होतं? आपलाच माणूस म्हणून त्यानं डोळ्यांवर झापडं बांधून घेतली होती.

दुपारच्या सुट्टीत मेहुणा त्याला कपडे बदलायच्या खोलीत सापडला. जाड जाकिटं खुंट्यांना लटकलेली, बाकावर डबा उघडलेला. थंडोबानं कागद बाकावर डब्याशेजारी ठेवला. मेहुण्यानं एक नजर टाकली आणि डबा बंद केला.

त्यानं नाकबूल केलं नाही. उलट समजावून सांगायला लागला, जसा एखाद्या हट्टी म्हाताऱ्याला सांगतात. लाद्या दोन तास ब्लास्टमध्ये ठेवायच्या, वरचा पापुद्रा कडक झाला की पंखे बंद. मग तशाच साठवणीच्या खोलीत एकावर एक रचून द्यायच्या. तिथे उणे अठरा आहेच, दोन-तीन दिवसांत आतूनही गोठतात. विजेचं बिल निम्म्यावर आलं. सुपरवायझरची जागा त्याला कशामुळे मिळाली असं दाजींना वाटतं? मॅनेजरला सगळं माहीत आहे. आणि गोठलेलं ते गोठलेलंच, घेणाऱ्याला कुठे कळतं.

थंडोबा म्हणाला, “सुई हवेत ठेवायला तुला मी शिकवलं.”

“शिकवलंत ना? मग आता कशाला काढताय,” मेहुणा म्हणाला. मग आवाज मऊ करून त्यानं पुढचं सांगितलं. मॅनेजरनं एक कागद तयार केलाय. माल इथून चांगला गेला, गाडीत बिघडला, असा. त्यावर सात नंबरच्या माणसाची सही लागते. बाई दाजींच्या शब्दाला मानतात. “मी सांगून आलोय, दाजी सही करतील म्हणून.”

“मला न विचारता?”

“घरातल्या माणसाला काय विचारायचं?”

गाडीचा ड्रायव्हर थंडोबाला चांगला माहीत होता. बाराही महिने एकच निळा स्वेटर घालणारा अबोल माणूस. मशीन बंद ठेवल्याचा ठपका आला की त्याला त्याच दिवशी घरी पाठवणार, हे सांगायला कुणी नको होतं. थंडोबा सही करणार नाही म्हणाला. कागद उचलून तो दाराकडे वळला. तेव्हा मेहुणा मागून, अगदी सहज, पिशवी विसरलात म्हणावं तसं बोलला.

“ताईला विचारा आधी. तिला माहीत आहे. पहिल्यापासून.”

घर चालत वीस मिनिटांवर होतं. त्या दिवशी थंडोबाला तासभर लागला, आणि ते काही गुडघ्यामुळे नाही. वाटेत तो दोनदा थांबला. मेहुणा खोटं बोलतोय असं स्वतःला समजावत होता. खोटं बोलायची त्याला सवय आहे हे तर आजच सिद्ध झालं होतं. पण पावलागणिक एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. ती कधी वाद घालायची नाही. ती, जी मिठाच्या एका कणावरून भांडायची, ती आठ महिने म्हणत होती, वय झालं माझं.

दुपारचं उतरतं ऊन स्वयंपाकघराच्या ओट्यावर आलं होतं. बायकोनं सात नंबरचं पुडकं वितळायला ठेवलं होतं, चाळणीत, आणि चाळणीखाली भांडं. भांड्यात अर्धी वाटी गुलाबी पाणी साठलं होतं. ती ते मोरीत ओतत होती. त्याला वेळेआधी आलेला पाहून तिचा हात तसाच राहिला. मग तिनं त्याच्या हातातला गोल कागद पाहिला. सव्वीस वर्षं असे कागद घरात बोलण्यात येत होते. तिला वाचता येत नव्हता, तरी कळलं.

“कधीपासून?” त्यानं विचारलं.

तिनं सांगितलं. पहिल्याच आठवड्यात तिच्या लक्षात आलं होतं. नवऱ्यानं गोठवलेलं मांस तिनं इतकी वर्षं शिजवलं होतं. त्याला चाळण कधी लागली नव्हती. आपलं काही चुकतंय का म्हणून तिनं दोनदा करून पाहिलं आणि मग भावाला गाठून विचारलं. त्यानं सगळं सांगितलं आणि वर स्वतःची शपथ घातली. दाजींना कळलं तर ते गप्प बसायचे नाहीत, माझी तर जाईलच, त्यांचीही नोकरी जाईल, गुडघा हा असा, मग कुठे जाल. तिला ते पटलं. त्याला वाचवतेय की नवऱ्याला, हे तिचं तिलाच कळत नव्हतं.

“मी तुला काय काय बोललो,” थंडोबा म्हणाला.

“बोललात.”

“जावयासमोर बोललो.”

“मला वाटलं, माझा हात गेला म्हणताय तोवर बरं आहे. तुमचा गेला असं तरी कुणी म्हणत नाही.”

एखादी परकी बाई असती तर त्यानं तिला हात जोडले असते. पण ही परकी नव्हती. केसानं गळा कापतात म्हणतात, तो कापणारा बाहेर कारखान्यात होता. पण केस धरून ठेवणारं माणूस रोज रात्री त्याच्या गुडघ्याला तेल लावत होतं. तो बाहेर जाऊन बसला. ती जेवायला बोलवायला आली नाही, आणि तो गेला नाही.

सकाळी निघताना ती दारापर्यंत आली. सही करा असंही म्हणाली नाही, करू नका असंही नाही. फक्त म्हणाली, “तो लहान होता तेव्हा मी त्याला कडेवर घेऊन फिरायची.” थंडोबानं नाड्या बांधल्या. त्या दिवशी त्या पटकन बांधल्या गेल्या.

दहा वाजता खरेदीवाल्या बाई आल्या. मॅनेजरनं आपला कागद टेबलावर सरळ करून ठेवला, पेनाचं टोपण काढून ठेवलं. मेहुणा दाराशी हात बांधून उभा. थंडोबानं मॅनेजरचा कागद वाचला, अगदी सावकाश, साय बाजूला करावी तसा एकेक शब्द. मग तो उलटा करून ठेवला आणि खिशातून स्वतःचे दोन गोल कागद काढले. एक नऊ महिन्यांपूर्वीचा, एक त्या तारखेचा.

त्यानं बाईंना लाल रेघेवर बोट ठेवून दाखवलं. इथे बघा, इथे रेघ थांबलीय. पाणी गोठायला वेळ लागतो, म्हणून तिला थांबावंच लागतं. कुणाचंही मांस असू दे, कुठलंही यंत्र असू दे. आता हा दुसरा कागद. ही रेघ कुठेच थांबत नाही. याचा अर्थ सुई मांसात नव्हती. गाडीत काही बिघडलेलं नाही. माल इथून निघाला तेव्हाच आतून फाटलेला होता.

“मग शिक्का कुणाचा?” बाईंनी विचारलं.

“शिक्का माझा. दिलाही मीच. हात माझा नाही.”

मेहुण्याकडे त्यानं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कडेवरचं पोर दिसलं असतं, अशी त्याला भीती वाटत होती.

पुढचं सगळं कारखान्यांत होतं तसं झालं. मॅनेजरला काही झालं नाही. त्याला काहीच माहीत नव्हतं असं ठरलं. मेहुण्याला सुपरवायझरच्या जागेवरून काढून पेट्या चढवायला लावलं. पंधरा दिवसांत तो दुसरीकडे कुठेतरी लागला आणि जाताना बहिणीला न भेटता गेला. निळ्या स्वेटरचा ड्रायव्हर आपल्यावर काय येणार होतं हे न कळताच गाडी चालवत राहिला. ब्लास्टची भिंत पुन्हा थरथरायला लागली. तेव्हा कळलं की पाती जुनीच होती.

मॅनेजरनं थंडोबाला बोलावून सात नंबरचा शिक्का समोर ठेवला. रोज दोन तास, फक्त थांब्यापुरतं, दाराबाहेर स्टूलवर बसून गोठवणीवर लक्ष ठेव, म्हणाला. बाई तेवढ्याच अटीवर माल घ्यायला तयार होत्या. थंडोबानं शिक्का हातात घेऊन पाहिला. आठ महिने कुणी धुतला नव्हता. आकड्याच्या कडांना शाईचा चिकटा बसून सात जाडजूड झाला होता. त्यानं तो परत ठेवला. काम करीन म्हणाला, पण हा नंबर नको. आठ महिन्यांच्या पेट्या कुठे कुठे गेल्यात कुणास ठाऊक. वर्षभर त्या लोकांच्या फ्रीजरमधून निघत राहतील, आणि जो उघडेल तो सातला शिव्या देईल. मोकळे नंबर कुठले आहेत? कारकुनानं वही पाहून सांगितलं, बारा.

बाराची पेटी कुणी मागत नव्हतं. चढवणारे लोक चेष्टेनं म्हणायचे, नवीन लागलायस का रे थंडोबा, जमेल हळूहळू. तोही जमेल म्हणायचा आणि लादीवर टकटक करायचा.

बारा नंबरचं पहिलं पुडकं त्यानं एका संध्याकाळी घरी आणलं आणि ओट्यावर ठेवलं. घरात त्या दिवसापासून कामापुरतं बोलणं चालू होतं. पाणी आलं का, औषध घेतलंत का. भांडण नाही, काही नाही. बायकोनं सवयीनं चाळण काढली, पुडक्यावरचा नंबर पाहिला आणि चाळण परत फळीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी तिनं ते शिजवलं. वास दारापर्यंत आला, पूर्वीसारखा. तिनं त्याचं ताट वाढलं आणि स्वतःचं न वाढता समोर बसून राहिली.

तो जेवला. तुकडा दाताखाली मोडत होता, रस धरून होता. सगळं संपवून त्यानं ताट पुसून घेतलं.

“कसं झालंय?” तिनं विचारलं. आठ महिन्यांत तिनं हे विचारलं नव्हतं.

“तुझा हात चांगलाच होता,” थंडोबा म्हणाला. “एकदा सांगायचं होतंस.”

तिनं मान खाली घातली. तो आणखी काही बोलेल म्हणून ती थांबली असावी. शेवटी त्यानं ताट उचललं, मोरीवर नेऊन स्वतः धुतलं आणि खिडकीत वाळत ठेवलं. जिथे शिक्का असायचा तिथे.